कमाटी बागेतील पाच तास

बडोदे म्हटले की राजवाडे, सुरसागर तलाव आणि दांडिया बाजारातील मराठी घरे डोळ्यांपुढे येतात. गायकवाडांच्या या नगरीस आज वडोदरा म्हणतात. पण आपल्या मराठी तोंडी जुनेच नाव बसले आहे. आम्ही अलीकडे तेथे गेलो ते मात्र राजवाडा पाहावयास नव्हे. आमच्या बहिणीचा मुलगा संगणकशास्त्राची पदवी घेऊन वर्षभर घरी बसला होता. शंभरावर अर्ज धाडून झाले होते. अखेर बडोद्याच्या एका लहानशा कंपनीने मुलाखतीस बोलाविले. "दादा, तू सोबत जा. एकटा गेला तर वाटेत खचून जाईल," असे बहीण म्हणाली, आणि आम्ही निघालो.

रात्रीच्या गाडीने वसई सोडली. उजाडता उजाडता नर्मदेचा लांबलचक पूल लागला. पाणी संथ होते. भाच्याच्या मांडीवर प्रमाणपत्रांची पिशवी होती, आणि ती त्याने रात्रभर खाली ठेविली नव्हती.

मुलाखत दहास होती. त्यास कंपनीच्या दारी सोडून आम्ही रावपुऱ्याकडून चालत कलाभवनाशी आलो. महाराज सयाजीराव तिसरे यांनी १८९० साली ही संस्था स्थापिली आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांजवर ती सोपविली. रंगकाम, विणकाम, यंत्रविद्या, चित्रकला असे हातास काम देणारे शिक्षण येथे मिळे. आज तेथे विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे व संगणकविद्याही शिकविली जाते. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. छायाचित्रण ही त्या काळची अगदी नवी विद्या. ती शिकून त्यांनी गोध्र्यास व्यवसाय मांडला, पण बस्तान बसले नाही. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला तो १९१३ साली. नवी विद्या हाती आली म्हणजे पोटाची सोय लागलीच होते असे नाही, हे बडोद्याच्या विद्यार्थ्यांस पूर्वीपासून ठाऊक आहे.

दुपारी भाचा बाहेर आला. चेहरा पाहूनच आम्ही काही विचारले नाही. जेवताना तो आपण होऊन म्हणाला, "मामा, त्यांनीही तेच विचारले, अनुभव किती? पहिली नोकरी कोणी देत नाही, मग अनुभव आणू कोठून?"

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. महामारीनंतर २०२१-२२ मध्ये संगणक कंपन्यांनी उमेदवारांची मोठी भरती केली. पुढे परदेशी गिऱ्हाइकांनी खर्चाला हात आखडता घेतला. २०२३-२४ या एका वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांतील माणसे मिळून सुमारे ६४ हजारांनी घटली. शिवाय सोपे प्रोग्राम लिहिणे, त्यांतील चुका काढणे, तपासणी करणे ही कामे पूर्वी नवशिक्याकडे येत. त्यावरच तो घडत असे. त्यांतील पुष्कळ काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणात करून देतात. शिडीची वरची पायरी जागेवर आहे. खालचीच कोणी काढून नेली आहे.

परतीची गाडी रात्रीची होती. वेळ घालवावयाचा म्हणून आम्ही कमाटी बागेत गेलो. विश्वामित्रीच्या काठी १८७९ साली वसविलेली ही विस्तीर्ण बाग. हिलाच सयाजी बाग म्हणतात. मुले आगगाडीत बसण्यासाठी हट्ट करीत होती, म्हातारी मंडळी बाकांवर विसावली होती. तेथे बसल्यावर आम्हांस दुसऱ्या एका पदवीधराची आठवण झाली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेस गेले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची असा करार होता. त्याप्रमाणे १९१७ च्या सप्टेंबरात ते येथे आले. नोकरी होती, विद्या होती; राहावयास मात्र जागा नव्हती. एका पारशी धर्मशाळेत ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांस बाहेर पडावे लागले. मुंबईची गाडी रात्री नऊस होती. मधले पाच तास त्यांनी याच बागेत काढले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे.

त्यांतील एक गोष्ट आपण ख्रिस्ती वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. आसऱ्यासाठी ते दोन स्नेह्यांकडे गेले. एक हिंदू होता. तो म्हणाला, तुम्ही आलात तर घरचे नोकर निघून जातील. दुसरा आपल्याच धर्माचा, ख्रिस्ती. त्याने पूर्वी आपण होऊन घरी राहण्यास बोलाविले होते. आता तो म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. या सभ्य शब्दांचा अर्थ आंबेडकरांस पुढे कळला; त्या दिवशी मात्र आसऱ्याची आशा सोडून ते बागेकडे वळले.

आमच्या भाच्याचे दुःख आणि ते दुःख एका तराजूत घालण्याचा अविचार आम्ही करणार नाही. भाच्यास जन्मामुळे कोणी हाकलले नाही. आंबेडकरांचा अपमान हा मनुष्यपणाचा अपमान होता. परंतु त्या ख्रिस्ती गृहस्थाचे उत्तर आमच्या कानांत घुमत राहिले, कारण तसे उत्तर आम्हीही दिले होते. गेल्या वर्षी विदर्भातील एक मुलगा मुंबईच्या उपनगरात सहा महिने बिनपगारी काम शिकावयास आला होता. चार महिन्यांपुरती खोली मिळेल का, असे त्याने विचारले. आमच्या घरची माळ्यावरची खोली रिकामीच होती. "पाहुणे येणार आहेत," असे आम्ही त्यास सांगितले. पाहुणे कोणी येणार नव्हते. पुढे भाड्याला पैसे पुरेनात म्हणून तो काम अर्धे टाकून गावी परतला, असे कळले. ज्या अनुभवाविना आज आमचा भाचा अडला आहे, तो त्या मुलास मिळत होता. आणि तो आमच्या दाराशी येऊन अडला.

पहिल्या नोकरीचा प्रश्न सरकारचा आणि कंपन्यांचा खराच. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधरही आले. पण एवढ्याने आपण सुटत नाही. आपल्यांपैकी कोणाचा कारखाना आहे, कोणाची पतपेढी, कोणाचे दुकान. हिशेब, मालाची नोंद, गिऱ्हाइकांची यादी संगणकावर चढविण्याचे काम एखाद्या नवशिक्यास सहा महिने दिले, योग्य मोबदला दिला आणि शेवटी सहीचे पत्र दिले, तर पुढच्या दारी त्यास सांगावयास काहीतरी होईल. ज्यांच्याकडे काम नाही, त्यांच्याकडे खोली असेल.

साडेआठ वाजता आम्ही उठलो. बागेबाहेर काळ्या घोड्यापाशी दिवे लागले होते. भाचा म्हणाला, "मामा, पुढच्या आठवड्यात पुण्याला बोलावले आहे. तिकडे ओळखीचे कोणी आहे का, दोन रात्रींपुरते?" आम्ही गाडीत बसल्या बसल्या दोन फोन केले. पहिल्या घरी, "विचारून सांगतो," असे उत्तर आले. दुसऱ्या घरची वृद्ध बाई मात्र म्हणाली, "पाठवा. जेवायला काय आवडते त्याला?"

कंपनीचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही. माळ्यावरची खोली मात्र आम्ही झाडून घेतली आहे, आणि विदर्भातील त्या मुलास पत्र धाडले आहे.