सायकल नवी होती, बोल्ट मीच ढिला ठेवला होता



आंबे बहाराच्या ताणाबद्दल लिहितो म्हणालो होतो, ते पुढच्या नोंदीत नक्की. त्याआधी एक कबुली द्यायची आहे. दोन महिने मनात घोळत होती. गेल्या आठवड्यात धाकटीच्या हाताचं प्लॅस्टर निघालं, म्हणून आज लिहायला बसलो.

आमचं घर गावात आणि डाळिंबाचा प्लॉट तीन किलोमीटरवर. मधे नीरा उजवा कालवा. निम्मा रस्ता डांबरी, पुढं कालव्याच्या कडेनं मुरमाचा, आणि शेवटी एक उतार. उतार संपतो तिथं चारीवर मोरी आहे. दिवसातून दोन-तीन खेपा मोटरसायकलवर व्हायच्या. पन्नाशी जवळ आली तशी रक्तातली साखर काठावर आली. डॉक्टर म्हणाले, चाला नाहीतर सायकल चालवा. पुण्यातल्या थोरल्यानं लगेच दिवाळीला ऑनलाइन गेरची सायकल मागवली. माउंटन बाईक. २९ इंची चाकं, जाड टायर, पुढं सस्पेन्शन, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक.

खोक्यावर लिहिलं होतं, ८५ टक्के जोडलेली. राहिलेली १५ टक्के आपण जोडायची. म्हणलं, दरवर्षी रोटाव्हेटरची पाती बदलणाऱ्याला सायकल काय अवघड? ओट्यावर खोकं फोडलं आणि ट्रॅक्टरच्या पेटीतले पाने घेऊन बसलो. माहितीचं पुस्तक खोक्यातच राहिलं.

पहिली चूक धाकटीनं पकडली. ती अकरावीला आहे. म्हणाली, "पप्पा, पुढचा चिमटा उलटा बसलाय. ब्रेकचा ठोकळा पुढं आलाय बघा." खरंच होतं. खोक्यात मावावी म्हणून पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, फिरवून ठेवलेला असतो. तो तसाच धरून मी चाक बसवलं होतं. डिस्क ब्रेकचा ठोकळा डाव्या पायाला, मागच्या बाजूला हवा. ते सरळ केलं.

दुसरी चूक पॅडलची. डावं पॅडल काही केल्या जाईना. मी पाना घालून जोर लावणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "त्याच्यावर L लिहिलंय." डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, टेबलफॅनच्या पात्याच्या टोपीसारखे. जोर लावला असता तर ॲल्युमिनियमच्या दांड्याचे आटे गेले असते आणि नव्या सायकलीला पहिल्याच दिवशी नवा दांडा लागला असता. रोटाव्हेटरची डावी-उजवी पाती वेगळी असतात हे मला पाठ आहे. पॅडलपाशी डोकं चाललं नाही.

मग हँडल. सरळ करून बघायचं म्हणून मी त्याचे बोल्ट नुसते टेकवले. पक्के नंतर आवळू म्हणलं. तेवढ्यात थ्री फेजची लाईट आली. तुम्हाला सांगायला नको, लाईट आली की हातातला घाससुद्धा खाली राहतो. मोटर चालू करायला पळालो. पाणी दुसऱ्या सरीला लावलं, फुटलेली लॅटरल जोडली, आणि ते बोल्ट डोक्यातून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी म्हणाली, मी प्लॉटवर चहा घेऊन येते सायकलवर. मी म्हणलं, ये.

डांबरीवर काही झालं नाही. मुरमावरही नाही. उतारावर चाक एका दगडावर चढलं, तिनं हँडल डावीकडं वळवलं, आणि हँडल एकटंच वळलं. चाक होतं तसंच सरळ राहिलं. ती डाव्या हातावर पडली. मनगटाचं हाड मोडलं. मी पळत गेलो तेव्हा तिचं डोकं मोरीच्या सिमेंटच्या कठड्यापासून दीड वीत लांब होतं. हेल्मेट नव्हतं. हे दीड वीत मी मोजलेलं नाही, पण रोज त्या मोरीवरून जाताना नजर तिथंच जाते.

पुढचे आठ दिवस मी विकणाऱ्याला शिव्या देत होतो. मोबाईलवर तक्रारसुद्धा लिहून ठेवली होती, खराब माल, मुलीच्या जिवाशी खेळ वगैरे. पाठवायच्या आधी सायकल तालुक्याला एका सायकल मिस्त्रीकडं नेली. पुरावा पाहिजे होता. त्यानं चाक गुडघ्यात धरलं, हँडलला जरा हिसका दिला, हँडल फिरलं. मग म्हणाला, "पाव्हणं, बोल्ट तुटलेला नाय, आटे गेलेले नायत. ह्यो आवळलाच नव्हता."

तक्रार तिथंच खोडली. घरी येऊन धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. पडले तेव्हाच बघितलं, हँडल फिरत होतं आणि चाक नव्हतं." म्हणलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "तुम्ही कंपनीला शिव्या देत होता ना."

मंडळी, याच पानावर मी तुम्हाला किती वेळा सांगितलं असंल, नवा पंप आणला तरी आधी पाण्यावर चालवा, नोझल बघा, मग औषध घाला. आणि सायकलीला मात्र काय बघायचंय, सायकल तर आहे! म्हणून मिस्त्रीकडून अर्धा दिवस बसून जे शिकलो ते खाली लिहितो. घरोघरी पोरांना अशा सायकली येतायत.

हँडल. आवळायचा एक क्रम आहे. वरच्या टोपीचा बोल्ट आधी, तो फक्त खुळखुळ घालवण्यापुरता. मग हँडल चाकाच्या रेषेत आणायचं. मग बाजूचे दोन बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीनं. बहुतेक ठिकाणी बोल्टाशेजारी ५ किंवा ६ एनएम असा आकडा छापलेला असतो. म्हणजे लहान एलन कीनं हाताच्या बेताच्या जोरानं. ट्रॅक्टरच्या नटासारखा पाइप लावून आवळू नका, आटे जातात. तपासणी सोपी आहे. चाक गुडघ्यात धरा, हँडल पिळा, फिरायला नको. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागं-पुढं हलवा, हँडलखाली खडखड यायला नको.

चाकं. माझ्या सायकलीच्या चाकाला नटाऐवजी खटका आहे. बरेच जण तो नटासारखा गोल फिरवून आवळतात. तो फिरवायचा नसतो, मिटवायचा असतो. खटका निम्म्यावर आला की जोर लागायला पाहिजे आणि पूर्ण मिटल्यावर तळहातावर वळ उठला पाहिजे. सहज मिटला तर ढिला आहे.

सीट. आपल्याला दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी सीट ठेवायची सवय. त्यानं गुडघे धरतात. भिंतीला टेकून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सर्वांत खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना चवडा पॅडलवर आला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. सीटच्या नळीवर एक खूण असते, ती खूण बाहेर दिसेल एवढी नळी वर काढायची नाही. नाहीतर नळी मोडते किंवा फ्रेम.

हवा. टायरच्या कडेला किमान आणि कमाल दाब छापलेला असतो. कमाल म्हणजे भरायचाच आकडा नव्हे. मी दोन्हीच्या मधे, खालच्या अंगाला ठेवतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला आपण शेतात हवा कमी ठेवतो आणि रस्त्याला वाढवतो, तेच गणित. फार हवा असली की टायर मुरमावर उड्या मारतो, फार कमी असली की दगडावर ट्यूब चिमटते. हवा हातपंपानं भरा. कॉम्प्रेसरनं डोळ्याची पापणी लवते तोवर टायर फुटायच्या बेताला येतो.

गेर. मागचं चाक उचलून धरा, हातानं पॅडल फिरवत सगळे गेर टाकून बघा. चेन मोठ्या चक्रीवर गेल्यावर तारांकडं उतरत नाही ना, हे मुख्य. उतरत असली तर चालवायचीच नाही, मिस्त्रीकडं न्यायची. चालताना चेन तारांत गेली तर मागचं चाक जागेवर अडकतं.

डिस्क ब्रेक. नवे ब्रेक पहिल्या दिवशी पूर्ण धरत नाहीत. अंगणात किंवा सपाट रस्त्यावर वेग घ्या, ब्रेक हळूहळू दाबून चालण्याच्या वेगावर या. चाक अडकू द्यायचं नाही. असं वीसेक वेळा करा, मग ब्रेक पकडायला लागतात. आणि एक हात जोडून विनंती. चेनला ट्रॅक्टरचं काळं, जळकं ऑइल घालू नका. त्याला धूळ चिकटून चेन खाल्ली जाते, आणि दोन थेंब डिस्कवर उडाले की ब्रेक गेला. चेनच्या तेलाचा एक-एक थेंब कडीवर टाकायचा, जास्तीचं फडक्यानं पुसायचं.

हे सगळं धरून वीस मिनिटांचं काम. पहिल्या चार-पाच खेपांनंतर सगळे बोल्ट परत एकदा बघायचे, कारण नवी वस्तू बसताना थोडी सैल होते, ब्रेकच्या केबलीही थोड्या सैल पडतात.

आता चालवण्याबद्दल. तीस वर्षं मोटरसायकल चालवलेल्या माणसाला सायकल परत शिकावी लागते. पहिल्या दिवशी अचानक कुत्रं आडवं आलं तर माझा उजवा पाय ब्रेक शोधत होता! सायकलीला दोन्ही ब्रेक हातात. आधी उभ्यानं तपासा, कोणता लिव्हर कोणत्या चाकाचा. आपल्याकडं बहुतेक उजवा पुढचा असतो, पण सगळ्या सायकलींना तसंच असंल असं नाही.

थांबवायची खरी ताकद पुढच्या ब्रेकमधे आहे, आणि पाडायचीही. म्हणून दोन्ही ब्रेक बरोबर, एक-दोन बोटांनी, हळूहळू दाबायचे. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, चाक सरळ असताना. मुरमावर वळलेल्या चाकाचा ब्रेक दाबला की सायकल खालून निघून जाते. उतारावर सीटवरून थोडं उठायचं, ढुंगण मागं, दोन्ही पॅडल एका पातळीत, कोपरं सैल, नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता दहा-पंधरा फूट पुढं. दगडाकडं बघत राहिलं की सायकल दगडाकडंच जाते.

आपल्या शिवारातले धोके पुस्तकात नसतात. बांधावर आडवी पडलेली १६ एमएमची लॅटरल ओली असली की साबणासारखी. झटका मशीनची तार संध्याकाळी दिसत नाही. काळ्या रानात पाऊस झाल्यावर माती टायर आणि फ्रेमच्या मधे थापली जाते आणि चाक बसतं, तिथं उतरून ढकलणंच बरं. बांधावरचा सराटा एका खेपेत दोन्ही ट्यूब पंक्चर करतो. मी ट्यूबमधे सीलंट घातलं आणि वाटेवरचा सराटा फुलावर यायच्या आत खुरपून काढला. दुसरा उपाय जास्त टिकतो, हे शेती अधिकारीही मान्य करतील. हँडलला किटली अडकवायची नाही, खुरपं खिशात ठेवायचं नाही. दोन्ही गोष्टी पाठीवरच्या पिशवीत. सध्या ऊसतोड चालू आहे, त्यामुळं अंधार पडल्यावर डांबरीवर दिव्याशिवाय जायचं नाही. पुढं पांढरा, मागं लाल.

हेल्मेट आता घरात दोन आहेत. भुवईच्या वर दोन बोटं, पट्टे कानाखाली, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढंच सैल. पहिल्या दिवशी पारावरून आवाज आला, "काय हो, डाळिंबात हेल्मेट?" मी मोरीची गोष्ट सांगितली. आता कोणी हसत नाही.

काल रविवार. धाकटी हात हलवत आली, म्हणाली, आज मी येते सायकलवर. माझ्या पोटात गोळा आला, पण नाही म्हणलं नाही. तिनं स्वतः चाक गुडघ्यात धरलं, हँडल पिळून बघितलं, खटके बघितले, ब्रेक दाबले. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "पप्पा, तुम्हीपण एकदा बघा." तेवढ्यात लाईट आली. मी जागचा हललो नाही. आधी बोल्ट बघितले, मग मोटर चालू केली.

उतारावर ती उतरली आणि सायकल हातात धरून चालत खाली गेली. मी काही बोललो नाही. पुढच्या वेळी चालवत जाईल.

तुमच्या घरी नवी सायकल आली असंल तर आज संध्याकाळी वीस मिनिटं काढा. हँडलपासून सुरुवात करा.