चढ कोणीही चढतो

नागपूरकराला पचमढी कधी परकी वाटत नाही. नागपूर जुन्या मध्य प्रांताची राजधानी होते, तेव्हा पचमढी ही त्या राजधानीची उन्हाळ्यातली बिऱ्हाडाची जागा होती. वैशाख तापू लागला की सरकारी दप्तर गाठोडी बांधून सातपुडा चढू लागे. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला, नागपूरची राजधानी गेली आणि पचमढी नव्या मध्य प्रदेशात राहिली. साहेबांची दप्तरे थांबली, पण विदर्भातल्या माणसांची पावले काही थांबली नाहीत. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडावर जायचे आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारला, हा नेम घरोघरी अजून चालू आहे.

नागद्वारची वाट वर्षातून जेमतेम दहा दिवस उघडते. एरवी ते व्याघ्रप्रकल्पाचे रान. पावसात, चिखलात, दऱ्याखोऱ्यांतून चालायचे, आणि वाटेत जेवणाखाण्याची सोय करायची ती विदर्भातून आलेल्या मंडळांनी. आमच्या मोहल्ल्याचे मंडळ त्यांतलेच एक, लहानसे. आमचे मामा त्याचे मुदपाकखान्याचे मंत्री. दरवर्षी आमचे सामान दुसऱ्या एका मोठ्या मंडळाच्या ट्रकमध्ये कोपरा मागून जात असे. यंदा मामा माझ्याकडे आले आणि अंगणातल्या नव्या गाडीकडे पाहत म्हणाले, "बाप्पा, एवढी मोठी गाडी दारात, अन् आपण दुसऱ्याचे पाय काहून धरावे?"

हल्ली जिला एसयूव्ही म्हणतात, तसली ही गाडी. माणूस दमडीची मेथी आणायला निघाला तरी हिच्यात बसला की आपण हिमालयावर निघालो आहोत असे त्याला वाटते. मलाही तसेच वाटले. मंडप-बिछायतीचा धंदा करणाऱ्या एका स्नेह्याने आपली दोनचाकी ट्रेलर देऊ केली. तिची रीतसर नोंदणी झालेली होती, तिला स्वतःचा नंबर होता. मामांनी लगेच सामानाची यादी काढली.

सुदैवाने मला एका जुन्या मिस्त्रींकडे जाण्याची बुद्धी झाली. तरुणपणी त्यांनी याच रस्त्यावर ट्रक चालवले होते. मी त्यांना आमच्या गाडीच्या इंजिनाची थोरवी सांगू लागलो. त्यांनी ती सगळी ऐकून घेतली आणि म्हणाले, "भाऊ, गाडी किती वढते ते काहून सांगता जी? थांबते किती, ते सांगा."

मला उत्तर देता आले नाही. तेव्हा तेच म्हणाले, "चढ तं कोनीबी चढते. नाही चढली तं उभी राहीन. उताराले उभी राहत नाही."

त्या दिवसापासून आठवडाभर आमची शाळा भरली. पहिला धडा वजनाचा. मिस्त्रींनी भरलेली ट्रेलर कळमन्याच्या बाजूला धर्मकाट्यावर न्यायला लावली. काटा म्हणाला, ११४० किलो. ट्रेलरच्या कागदावर भरलेल्या वजनाची मर्यादा होती ८०० किलो. गाडीच्या पुस्तिकेतला ओढण्याचा आकडा त्याहून मोठा होता, म्हणून मी जरा वकिली करून पाहिली. मिस्त्री म्हणाले, दोन आकड्यांतला लहान असेल तोच आपला. शिवाय गाडीत बसणारी माणसे आणि तिच्यातले सामान हेही गाडीच्या वजनात धरायचे असते, हे मी विसरलोच होतो.

घरी रणकंदन झाले. "एवढे गंज सोडून भात कशात शिजवू?" असे मामा विचारत. शेवटी दोन मोठे गंज, लोखंडी शेगड्या आणि चार पोती त्याच जुन्या ट्रकच्या कोपऱ्यात गेली. आम्ही ज्यांचे पाय धरणार नव्हतो, त्यांचेच धरले. ट्रेलर ७८० किलोवर आली.

दुसरा धडा भरणीचा. तांदूळ, डाळ, तेलाचे डबे असे जड ते आसावर आणि तळाशी. सतरंज्या, ताडपत्र्या वर. जोडाच्या दांडीवर एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पडला पाहिजे. आम्ही दांडी लहान काट्यावर टेकवून ७५ किलोच्या आसपास वजन आणले. ते फार कमी असेल तर ट्रेलर शेपटीसारखी हलू लागते. फार जास्त असेल तर गाडीचे मागचे अंग दबून पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू ऐकत नाही. हलू लागलीच, तर घाबरून ब्रेक दाबायचा नाही की वेग वाढवायचा नाही. सुकाणू सरळ धरून नुसता पाय काढायचा.

तिसरा धडा ब्रेकचा, आणि तो सर्वांत लांबला. त्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक होते. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर जोडावर रेटते आणि त्या रेट्यानेच तिचे ब्रेक लागतात, अशी साधी युक्ती. पण तार गंजून बसली होती. मिस्त्रींनी ती बदलली, चाकांचे बेअरिंग धुऊन नवे ग्रीस भरले. मग गाडीचे ब्रेक-तेल बदलले. मला वाटे, तेल कमी झाले तरच घालायचे. पण हे तेल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ जातीचे तेल नवे असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये. ओलावा मुरला की हीच हमी १५५ अंशांवर येते. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायाखालची पट्टी मऊ लागते.

एवढी उष्णता येते कुठून, असे मी विचारले. त्याचा हिशेब माझ्या बारावीतल्या मुलाने करून दाखवला. गाडी आणि ट्रेलर मिळून तीन टनांचे ओझे ३०० मीटर खाली उतरते, तेव्हा जी शक्ती मोकळी होते, तिच्यात २५ लिटरांहून अधिक पाणी उकळीला येईल. मामांच्या मधल्या गंजाएवढे! हे सगळे आधण ब्रेकवर ठेवायचे की काही भार इंजिनावर टाकायचा, एवढाच प्रश्न. म्हणून नियम असा : ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा; ब्रेक सतत चोळत बसायचा नाही, जोराने थोडा वेळ दाबायचा आणि सोडून द्यायचा.

उरलेली तयारी बारीकसारीक, पण एकही टाळण्याजोगी नव्हती. जोडाखाली फुलीसारख्या आडव्या दोन साखळ्या, म्हणजे जोड सुटला तरी दांडी रस्त्यावर आपटत नाही. मागचे दिवे आणि इशारे. थंड टायरांत मोजून हवा. ट्रेलरचे वेगळे जादा चाक. लांब बाहेर येणारे आरसे. आणि चाकाखाली लावायचे चार लाकडी ठोकळे, दोरीने बांधलेले. घाटात दगड लावून तो तसाच रस्त्यावर सोडून जाणाऱ्यांवर मिस्त्रींचा फार राग होता.

आषाढाच्या अखेरीस पहाटे निघालो. मामा पुढे माझ्या शेजारी. मागे सौभाग्यवती, सासूबाई आणि मुलगा. सावनेर मागे पडले, सौंसरपर्यंत मराठी कानावर पडत राहिली. रामाकोना ओलांडून सिल्लेवानीचा घाट लागला. पावसाने सागाची पाने धुतली होती. मी गाडीतला गारवा बंद केला, गिअर उतरवला आणि हळूहळू चढलो. वळणावर ट्रेलर आतून जाते, म्हणून जरा बाहेरून वळण घ्यायचे, हेही जमू लागले. इंजिनाचा काटा जागचा हलला नाही. छिंदवाडा आले तेव्हा मी शीळ घालत होतो. अभिमान असा छिंदवाड्यालाच चढतो.

परासियावरून तामियाला पोहोचलो. तिथले जुने विश्रामगृह कड्याच्या काठावर आहे. तिथून खाली पाहिले की सातपुड्याच्या रांगांमागे रांगा ढगांत बुडालेल्या दिसतात. जवळच पातालकोटची खोल दरी, भारिया आणि गोंड लोकांची वस्ती. मंडळींनी पोहे खाल्ले, आणि आम्ही देनवेच्या खोऱ्याकडे उतरू लागलो.

इथे मी चुकलो. उतार सुरुवातीला सौम्य वाटला, म्हणून गिअर वरचाच ठेवला. मग वळणे आली, धुके आले, समोरून एक बस आली, आणि भीतीने माझा पाय ब्रेकवरून निघेना. मामा नागद्वारच्या गोष्टी सांगत होते. तेवढ्यात मागून सौभाग्यवती म्हणाली, "अहो, डाळ करपल्यासारखा वास येतो आहे."

मी म्हणालो, "बाहेर कुठे तरी चूल असेल."

"रानात कसली चूल? थांबवा आधी."

मी ब्रेक दाबला. पट्टी नेहमीपेक्षा खाली गेली, आणि मऊ लागली. त्या क्षणी मला मिस्त्रींचे वाक्य शब्दन् शब्द आठवले. गाडीत माझी चार माणसे होती आणि मागून ७८० किलो रेटत होते. मी गिअर तिसऱ्यावर आणला, मग दुसऱ्यावर. इंजिन ओरडले, पण गाडीने दम धरला. पट्टी दोनदा-तीनदा दाबून जोर आणला, आणि पुढच्या रुंद जागी डोंगराच्या अंगाला गाडी उभी केली. मुलाने उडी मारून ठोकळे लावले. चाकांतून धूर येत होता. त्यावर पाणी ओतू नये, तापलेले लोखंड तडकते, हे शिकलो होतो. म्हणून नुसते बसलो. सासूबाईंनी जपमाळ काढली. मामा प्रथमच गप्प होते.

तासाभराने चाके गार झाली, पट्टी पूर्ववत कडक झाली. पुढचा सारा उतार मी दुसऱ्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने उतरलो. मागे साचलेल्या गाड्यांना जागा मिळेल तिथे बाजूला होऊन वाट दिली. मटकुलीला चहा घेतला आणि शेवटची चढण चढून दिवेलागणीला पचमढीत शिरलो. त्या वर्षी आमच्या लहानशा मंडळाने दहा दिवस भात-वरण वाढले. दोन मोठे गंजही वेळेवर पोहोचले होते.

नागपूरला परतल्यावर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चाकाजवळ वाकून पाहिले आणि विचारले, "वास आला होता का जी?"

मी सगळे कबूल केले.

"पयले कोनाले आला?"

"मागे बसलेल्या हिला."

मिस्त्रींनी हात पुसले. "मंग पुढच्या साली वयनीले पुढं बसवा, अन् मामाले मांगं."

हे मी मामांना अजून सांगितलेले नाही. सौभाग्यवतीला मात्र सांगून चुकलो आहे.