डोळ्यांनी पास केलेलं तेल

फेब्रुवारीतल्या एका सकाळी शेजारच्या आबांचं इंजिन बंद पडलं. विहिरीवरचं ५ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, समोर अर्ध्या एकराचा कांदा आणि टाकीत मी दिलेलं बायोडिझेल. मी फिल्टर उघडला. कागदावर पांढरट थर बसला होता. बोटांनी चोळला तर साबणासारखा सरकला. नोझल काढलं तर टोकाला काळी, कडक काजळी जमलेली.

मी आयटीआयमध्ये बरीच वर्षं डिझेल मेकॅनिक शिकवलं आहे. वडापावच्या गाड्यांवरचं वापरलेलं तेल गोळा करून घरी इंधन करायचं मी मनापासून ठरवलं होतं. हे तेल पुन्हा कढईत जाऊ नये, त्याचं बायोडिझेल व्हावं, म्हणून केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही २०१८ मध्ये योजना आणली. उद्देश चांगलाच होता. चूक तपासणीत झाली आणि ती माझी होती.

पहिली चूक मापाची. तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घातला की तेलाचं रूपांतर होतं आणि जड ग्लिसरीन तळाशी बसतं. ताज्या तेलाला लिटरमागे साधारण साडेतीन ग्रॅम सोडा लागतो. तळून तळून तेलात आम्ल वाढतं, त्याच्यासाठी सोडा जास्त घालावा लागतो. मी प्रत्येक कॅनला साडेतीनच ग्रॅम घालत गेलो. तळाशी ग्लिसरीन दिसलं की काम झालं, असं मी धरून चाललो. पण रूपांतर अर्धवट झालं तरी ग्लिसरीन बसतंच.

खरं माप काढायला १० मिनिटं लागतात. १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १ मिली तेल आणि चिमूटभर हळद घालायची. १ लिटर शुद्ध पाण्यात १ ग्रॅम सोडा विरघळवून ते द्रावण थेंबथेंब सोडायचं. ज्या गुणामुळे हळदीचं कुंकू होतं, त्याच गुणामुळे पिवळा रंग लालसर होतो. तो रंग टिकेपर्यंत जितके मिली लागले, तितके ग्रॅम साडेतीनमध्ये मिळवायचे. आबांना दिलेल्या कॅनमधलं तेल मी नंतर असं तपासलं. त्याला ४ मिली लागले. म्हणजे हवा होता साडेसात ग्रॅम सोडा. मी त्याच्या निम्माही घातला नव्हता.

दुसरी चूक याहून वाईट. धुण्याआधीचं इंधन आणि तितकंच पाणी बाटलीत घेऊन १० सेकंद जोरात हलवायचं, ही साधी चाचणी मी केली होती. चांगलं इंधन अर्ध्या तासाच्या आत पाण्यापासून स्वच्छ वेगळं होतं. माझ्या बाटलीत दोन्हींच्या मध्ये सायीसारखा जाड थर राहिला. साबण फार आहे किंवा रूपांतर अपुरं आहे, असा त्याचा सरळ अर्थ. मी मात्र ठरवलं की आपण बाटली फार जोरात हलवली. पुढच्या वेळी ती चाचणी केलीच नाही. पाण्याचा हलका फवारा मारून, न ढवळता तेल धुतलं. साय आली नाही, तसा साबणही पुरता निघाला नाही. आबांच्या फिल्टरवर बसला तो हाच.

तिसरी चूक पाण्याची. दुपारच्या उन्हात इंधन इतकं नितळ दिसायचं की बरणीमागे धरलेलं वर्तमानपत्र वाचता यायचं. पहाटे तेच गढूळ व्हायचं. यात पामतेल आहे, थंडीने मेण धरतंय, अशी मी समजूत करून घेतली. पामतेलाचं इंधन थंडीत गढूळ होतं हे खरं आहे. पण विरघळलेलं पाणी थंडीत बाहेर पडलं की तेही नेमकं तसंच दिसतं. दोन्हींतला फरक तवा सांगतो. धुतलेलं इंधन चमचाभर घेऊन, उघड्यावर, विजेच्या शेगडीवर १०० अंशांच्या थोडं वर तापवायचं. पाणी असेल तर बुडबुडे येतात, चटचट आवाज होतो. माझं इंधन चटचटलं.

मिथेनॉलची चाचणीही मला माहीत होती. २७ मिली ताज्या मिथेनॉलमध्ये ३ मिली इंधन घालून हलवायचं; साधारण २० अंशांना ते पूर्ण विरघळलं पाहिजे. तळाशी तेलाचा थेंब बसला तर कच्चं तेल शिल्लक आहे, ते इंधन पुन्हा प्रक्रियेला घ्यायचं. मिथेनॉल महाग, म्हणून मी २७ मिली वाचवले.

इतकं होऊनही पहिल्यांदा फिल्टर तुंबला तेव्हा मी आबांना सांगितलं, ‘बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवतं, सुरुवातीला असं होतंच.’ ही गोष्ट खरी आहे, म्हणूनच ती सांगून मला निभावून नेता आलं. त्या दिवशी फिल्टर उघडून पाहिला असता तर पुढचं टळलं असतं.

इंजिन उघडून बसलो होतो तेव्हा मी त्यांना म्हणालो, ‘आबा, गढूळ दिसलं तर मला सांगायचं होतं.’ ते म्हणाले, ‘मास्तर, तुमी दिलं म्हटल्यावर मी काय बघायचं त्यात?’ त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

आता प्रत्येक कॅनची एक बाटली तारीख लिहून फळीवर ठेवतो. हळद, बाटली, मिथेनॉल, तवा या क्रमाने चारही चाचण्या होईपर्यंत इंधन कुणाच्याही टाकीत जात नाही. यातली एक चुकली तरी कॅन बाजूला निघतो. या चाचण्या प्रयोगशाळेची जागा घेत नाहीत. भारतीय मानक आयएस १५६०७ मध्ये ९६.५ टक्के एस्टर लागतं, ते घरी मोजता येत नाही. पण वाईट इंधन ओळखायला त्या पुरतात. हे काम करताना हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा लागतेच. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. ते घरात मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नये.

नोझल आणि फिल्टरचा खर्च मी दिला. इंजिन सुरू व्हायला आठ दिवस गेले, तोवर पाण्याविना कांदा सुकला. त्याची भरपाई आबांनी घेतली नाही. घरी इंधन करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: आधी तपासा, मग स्वतःच्या इंजिनात वापरा, आणि शेजाऱ्याला त्यानंतरच द्या.