चारमिनारचा रुपया

नाणी जमवण्याचा छंद मला शाळेत असतानाच लागला. आमच्या शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत; आज त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचा रुपया वेगळा होता. त्याला हाली सिक्का म्हणत. इंग्रजांचा रुपया तो कलदार. सात हाली दिले की सुमारे सहा कलदार मिळत. जुन्या घरांतल्या पेट्यांत असे हाली रुपये अजून सापडतात.

गुलमंडीजवळ राहणारे एक वृद्ध गृहस्थ माझे या छंदातले सोबती होते. मी त्यांना काका म्हणे. त्यांचा संग्रह मोठा, पण नाण्यांवरची लिपी त्यांना वाचता येत नसे. त्यांच्या वडिलांना मात्र उत्तम उर्दू येई. निजामाच्या काळात शिकलेले ते! मी मजकूर वाचून दाखवी आणि काका तो नाण्याच्या पाकिटावर मराठीत टिपून ठेवत. ‘निजामुलमुल्क आसफजाह बहादूर’ हे शब्द मी पहिल्यांदा वाचले, तेव्हा त्यांनी ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले होते.

२०१० साली मी बी.एड. करत होतो. एके दिवशी काकांनी चांदीचा एक रुपया माझ्या हातावर ठेवला. त्यावर चारमिनार होता आणि चारमिनारच्या दारात एक अक्षर होते. मीर महबूब अली खान यांच्या रुपयावर तिथे ‘मीम’ असतो, तर मीर उस्मान अली खान यांच्या रुपयावर ‘ऐन’. उस्मान अली १९११ मध्ये गादीवर आले. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या रुपयांवरचा ऐन आखूड आहे, पुढे तो मोठा झाला. काकांचा रुपया आखूड ऐनाचा होता. असा रुपया सहज मिळत नाही.

“अडीचशे दे,” काका म्हणाले. ती नुसत्या चांदीची किंमत होती. “ज्याला वाचता येते, त्याच्याकडे राहू दे.”

आठच दिवसांनी मी तो सराफ्यातल्या एका दुकानात सातशे रुपयांना विकला. मला पैशांची अडचण नव्हती. भाव मिळाला, म्हणून विकला, इतकेच. घरी येताना मी स्वतःवर खूश होतो.

महिन्याभराने काकांकडे पुण्याचे एक पाहुणे आले. “अरे, तो रुपया घेऊन ये. यांना दारातला ऐन दाखवू,” काका म्हणाले. मी घरी जाण्याचे निमित्त करून धावत त्या दुकानात गेलो. रुपया केव्हाच विकला गेला होता. परत येऊन मी खरे काय ते सांगितले. पाहुण्यांसमोर सांगावे लागले, हे जास्त लागले.

काका रागावले नाहीत. “अडचण होती का?” त्यांनी विचारले. मी मान हलवून नाही म्हटले. “मग आधी मला विचारायचे होतेस. सातशेला मीच परत घेतला असता.”

आता माझे विद्यार्थीही नाणी जमवतात. त्यांतल्या एकाने परवा विचारले, “सर, मी पैसे देऊन घेतले, म्हणजे नाणे माझेच ना?” तुझेच. बाजारभावाने घेतलेले नाणे दुसऱ्या दिवशी विकलेस, तरी कोणी बोट दाखवणार नाही. दोन सारखी असतील, तर एक जरूर वीक. पण छंदातल्या सोबत्याने भाव सोडून दिलेल्या नाण्यात त्याचाही थोडा वाटा उरतो. तो सोडलेला भाव त्याने नाणे तुझ्याकडे राहावे म्हणून सोडलेला असतो. घरात आजारपण आले, फी भरायची राहिली, तर तेही विकावे लागते. मात्र पहिला निरोप त्याच्याकडे जावा. आपल्याकडे जमिनीच्या बाबतीत शुफा असतो ना, भागीदाराचा विकत घेण्याचा पहिला हक्क? नाण्यांना तो कायदा लागू नाही, पण मला तो नेहमी आठवतो.

काकांनी त्यानंतरही मला नाणी दिली. माझे वाचणे आणि त्यांचे टिपून घेणे, दोन्ही चालू राहिले. पूर्वी त्यांच्या पाकिटावर फक्त मजकूर आणि सन असे. आता माझ्या हाती येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर कोपऱ्यात किंमतही लिहिलेली असे, बाजारात चालू असेल तेवढी. मी ती मोजून देत असे.