मेघांतील घर

पाचाडास आषाढ लागला म्हणजे रायगड दिसेनासा होतो. आमच्या ओटीवरून पाहावें, तर गडाच्या जागीं नुसता मेघ. या मेघाच्या छायेंत मुलांकडून राम शब्द चालवून घेण्यांत आमचें आयुष्य गेलें. परंतु आमचेंच घर एके दिवशीं मेघांत जाऊन बसेल, हें मात्र कधीं सुचलें नव्हतें.

घराचे वासे वाळवीनें पोखरले, तेव्हां जोतें तसेंच ठेवून वरचें घर नव्यानें बांधावें असें ठरलें. घर समाईक. आम्ही येथें, धाकटे बंधु पुण्यास, आणि दिवंगत दादांचे चिरंजीव अमेरिकेंत. वहिनी आमच्याजवळच असतात. पूर्वीं न्हाणीघर बांधलें तेव्हां नकाशा दोनदां बदलला. नवा कागद पुण्यास राहिला, गवंड्याच्या हातीं जुना, आणि सांडपाणी थेट विहिरीकडे. ती भिंत पाडण्याचा खर्च आमच्या पेन्शनींतून गेला. म्हणून या खेपेस पुण्याची पुतणी, जी घरांच्या आराखड्यांचेंच काम करते, म्हणाली, "काका, आतां कागद नको. मी घर क्लाउडवर ठेवतें, सगळ्यांनीं तेथेंच पाहा."

कालिदासाच्या यक्षानें रामगिरीवरून ज्या मेघाकरवीं निरोप धाडला, तो निदान डोळ्यांस दिसत असे. हा क्लाउड म्हणजे ढग नव्हेच. रात्रंदिवस चालणाऱ्या संगणकांचीं तीं दालनें होत. मुंबई-पुण्याकडेही बड्या कंपन्यांचीं अशीं दालनें २०१५-१६ पासून आहेत. पुतणीनें आपल्या संगणकावर रचलेलें मॉडेल तेथें पोंचलें कीं तेथील यंत्र त्याचे हलके तुकडे करतें, आणि एका लिंकवरून आमच्या साध्या मोबाइलवर घर उभें राहतें. बोटानें फिरवावें, छप्पर उचलावें, आंत शिरावें. तुळईवर बोट ठेवलें तर तिची लांबी, जाडी, लाकडाची जात समोर येते. मुख्य म्हणजे प्रत सर्वांपुढें एकच, आणि जुन्या प्रतीही जपलेल्या. रामगिरि म्हणजे रामटेक असें पुष्कळजण मानतात; त्याच्या शेजारच्या नागपुरास मेट्रो बांधतांना लांबी, रुंदी, उंची यांस काळ व खर्च जोडून पांच मितींचें मॉडेल वापरलें गेलें. या योगायोगाची आम्हांस मौज वाटली.

अशा नोंदीचें मोल पाचाडच्या माणसास निराळें सांगावें लागत नाहीं. हिरोजी इंदुलकरांनीं गडावर उभारलेले वाडे १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यानें लागलेल्या आगींत जळाले. जोतीं उरलीं; वरचें लाकूडकाम कसें होतें तें आतां अनुमानानें सांगावयाचें. खालीं गांवांत जिजाऊंच्या वाड्याचेंही तेंच: तट आहे, तक्क्याची विहीर आहे, घर नाहीं. उलट पॅरिसच्या नोत्र दाम मंदिरास १५ एप्रिल २०१९ रोजीं आग लागली, पण अँड्र्यू टॅलन या अध्यापकानें २०१० सालींच तें लेसर किरणांनीं मोजून ठेवलें होतें. ती मोजणी कामीं आली आणि डिसेंबर २०२४ मध्यें मंदिर पुन्हां उघडलें.

असो. आम्हीं, बंधूंनीं व पुतण्यानें पसंती कळविली. वहिनींस कोणीं विचारलें नाहीं. नकाशा त्यांना कळत नाहीं हें घरांत सर्वांस ठाऊक. आणि कागदावरच्या रेघा त्यांना खरोखरच कधीं कळल्या नव्हत्या. एके संध्याकाळीं रेंज बरी होती म्हणून सहज त्यांच्या हातीं मोबाइल दिला. त्यांनीं चष्मा लावला, पडवींतून ओटीवर, ओटीवरून आंत अशा बोटानें चालत गेल्या, आणि स्वयंपाकघरांत थांबल्या.

"भाऊजी, खिडकी कुठें आहे?"

त्या खिडकींतून महाडकडचा रस्ता दिसतो. दादा नोकरीला महाडास होते, शेवटच्या एस.टी.ची वाट वहिनींनीं वर्षानुवर्षें तेथूनच पाहिली. मॉडेलमध्यें त्या जागीं भांड्यांचें कपाट होतें. माजघरही नव्हतें, त्या ठिकाणीं पुतण्यानें इंग्रजींत टीप लिहिली होती, कीं ही जागा वायां जाते.

"हें काय लिहिलंय?" त्यांनीं विचारलें.

आम्ही मॅट्रिक झालेले. इंग्रजी वाचतां येत नाहीं असें त्या दिवशीं जन्मांत प्रथम सांगितलें. त्यांनीं पुन्हां विचारलें नाहीं. आपल्या लेकाचें नांव इंग्रजी अक्षरांतही त्या ओळखतात, हें आमच्या ध्यानांत मागाहून आलें.

पाहण्याचा अधिकार लिंक असेल त्यास, टीप लिहिण्याचा आम्हां तिघांस, बदल करण्याचा एकट्या पुतणीस, अशी वांटणी होती. ज्या बाईनें या घरांत पन्नास वर्षें चूल पेटविली, तिला कशाचाच नव्हता, आणि तो द्यावा असें सुचलेंही नाहीं याचा दोष आमचाच. आम्हीं त्याच रात्रीं टीप लिहिली, "खिडकी व माजघर ठेवावें," आणि खालीं वहिनींचें नांव घातलें. सकाळपर्यंत पुतण्यानें आपली टीप पुसली. आदल्या प्रतींत ती तशीच आहे, असें पुतणी सांगते.

माजघर परत आलें. खिडकीचें अद्याप ठरत नाहीं, कारण तुळईचा भार त्याच भिंतीवर येतो. गवंडी दिवाळीनंतर येणार. वहिनी रोज दिवेलागणीस विचारतात, "भाऊजी, खिडकी आली का?" आणि आम्ही छत्री घेऊन रेंज शोधीत अंगणांत उतरतों.