वडशाला गेले अन् आवाज सापडला

चंद्रपूरहून वडशाला जायचं तर मी मोटारीच्या वाटेला जातच नाही. चांदा फोर्ट स्थानकावर गोंदियाकडची गाडी धरते आणि खिडकीशी बसते. कोळशाची धूळ मागे पडली की केळझरच्या बाजूला रान सुरू होतं. साग, बांबू, मध्येच मोहाचं एखादं दांडगं झाड. मग मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी. रान संपलं की धानाच्या बांध्या, बांध्या संपल्या की पुन्हा रान. शेवटी वैनगंगेचा पूल ओलांडला की आलंच वडसा! २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा त्याच्या वाट्याला रेल्वेचं हे एकच स्थानक आलं. गावाचं कागदोपत्री नाव देसाईगंज, पण तिकीट वडशाचंच मागायचं.

इथे माझ्या थोरल्या नणंदबाई राहतात. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. जानेवारीत गेले तेव्हा धान घरात आलं होतं आणि नाटकांचा हंगाम ऐन भरात होता. वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचं माहेरघर. दिवाळीनंतर इथल्या मंडळ्या गावोगाव निघतात, त्या थेट होळीपर्यंत. रात्री पडदा उघडतो अन् पहाटे पडतो. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा दूरच्यांनाही या रंगभूमीचं नाव कळलं. ताईंचे यजमान, आमचे भाऊजी, अशाच एका मंडळीत कितीतरी वर्षं पेटी वाजवत. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या कॅसेटी ओलीनं खराब होत चालल्या, म्हणून भाच्यानं वेळीच सगळं वादन संगणकात उतरवून ठेवलं होतं. दिवेलागणीला ताई ते ऐकत बसायच्या.

या खेपेला घर मुकं होतं. “दिवाळीपासून बंदच पडला बाई,” ताई म्हणाल्या. “दुकानवाला म्हनते, आतलं कार्ड गेलं, आता नवाच घ्या. सोमवारी जुना नेऊन देतो त्याले.”

माझ्या पोटात धस्स झालं. कॅसेटी तर केव्हाच फेकल्या होत्या. संगणक गेला की त्याच्यासोबत पेटीही जाणार! माझ्या घरीही एकदा असाच आवाज बंद पडला होता, त्यामुळे थोडी माहिती होती. म्हटलं, सोमवारला दोन दिवस आहेत, बघू तर खरं.

आधी हेडफोन ट्रान्झिस्टरला लावून पाहिला. बातम्या खणखणीत आल्या. म्हणजे हेडफोन शाबूत. स्पीकरचा दिवा लागत होता, बटणही पूर्ण फिरवलेलं होतं. मग संगणकाच्या मागे वाकले. तिथे रंगीत भोकं असतात. हिरवं आवाज बाहेर यायचं, गुलाबी माइकचं. ताईंनी हेडफोन गुलाबीत खुपसला होता! हिरव्यात स्पीकरची वायर ढिली लोंबत होती आणि भोकात तूस. जवळच राइस मिल, मग दुसरं काय असणार? संगणक बंद करून, प्लग काढून, कोरड्या मऊ ब्रशनं भोक झाडलं आणि स्पीकरची वायर घट्ट बसवली. चालू केलं. तरी चिडीचूप.

तेव्हा विचारलं, “दिवाळीत काय बदललं होतं, ताई?” म्हणाल्या, भाच्यानं नवा पडदा जोडून दिला. तिथंच गोम निघाली. नव्या पडद्याची वायर चित्राबरोबर आवाजही नेते. संगणकाला वाटलं, आता पडदाच बोलणार. पण त्या पडद्याला स्पीकरच नव्हते! घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या खुणेतून आवाजाच्या साधनांची यादी काढली. तिथे पडद्याचं नाव निवडलेलं होतं. ते बदलून स्पीकर निवडले.

आधी कोणीतरी खोकलं. मग भाऊजींचा आवाज आला, “चहा आली का रे?” आणि मग पेटी सुरू झाली. ताई काही बोलल्या नाहीत. पदरानं तो नवा पडदा पुसत राहिल्या.

मैत्रिणींनो, यंत्र मुकं झालं म्हणजे मेलं असं नाही. पुष्कळदा आवाज तयार असतो, त्याचा पत्ता तेवढा चुकलेला असतो. दुकान गाठण्याआधी एवढं पाहा. घड्याळाजवळच्या स्पीकरवर फुली तर नाही? हेडफोनच्या वायरवरची चकती खाली तर फिरली नाही? हेडफोन दुसऱ्या यंत्रावर वाजतो का? तिथेही वाजत नसेल तर पिनेजवळ वायर हळूच हलवा. खरखर आली तर वायर आतून तुटली आहे. बिनवायरचा हेडफोन असेल तर तो शेजारच्या मोबाइलशी जोडला गेला नाही ना, तेही बघा. हे सगळं करून एकदा यंत्र बंद करून सुरू करा. मगच पैसे खर्चायचे.

आणि घरातल्या माणसाचा आवाज एकाच यंत्रात कधी ठेवू नका. निघण्याआधी मी सगळं वादन दोन पेन ड्राइव्हमध्ये उतरवून घेतलं. एक ताईंच्या देवघरात आहे, दुसरा माझ्या पर्समध्ये वैनगंगा ओलांडून चंद्रपूरला आला.