जवारीचा दोरा

आत्या तंबोरा लावायला बसली की घरात कुणी बोलायचं नाही. मिरजेहून आणलेला तो तंबोरा. खुंट्या पिळून चारही तारा जुळल्या, की तिचं खरं काम सुरू व्हायचं. घोडीवर प्रत्येक तारेखाली सुती दोऱ्याचा बारीक तुकडा असे. तो ती बोटाच्या टोकानं केसभर पुढे सरकवी, तार छेडी, पुन्हा केसभर मागे घेई. तार बंद वाजायची, बोथट वाजायची आणि मग एका जागी अचानक उघडायची. "आता बोलली," आत्या म्हणायची. तिच्या भाषेत ही जवारी लागली. मग मला शेजारी बसवून ती खर्जाची तार छेडायची आणि तिच्यात गंधार शोधायला सांगायची. गंधाराची तार तंबोऱ्यावर नसतेच. तरी त्या खर्जाच्या पोटातून तो उमटतो, धुरासारखा वर येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो मला पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्या संध्याकाळपासून कुठलाच सूर मला एकटा ऐकू आलेला नाही.

पुढे मी गिटारकडे वळलो, तेही इलेक्ट्रिक गिटारकडे. घरात त्याबद्दल कुणी नाराजी दाखवली नाही, पण कुणाला फारसं कळलंही नाही. आणि गेल्या पावसाळ्यात, चार महिने कान झिजवून, मी एक पेडल घेतलं. तळहातापेक्षा थोडी मोठी धातूची डबी, वर सहा नॉब, पायानं दाबायचा खटका. साठ वर्षांपूर्वीच्या ट्यूब ॲम्प्लिफायरचा आवाज तिच्यातून यावा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. ही अपेक्षा किती मोठी आहे ते त्या चार महिन्यांत मला समजलं.

ट्यूब म्हणजे आपल्याकडचे रेडिओ दुरुस्त करणारे जिला व्हॉल्व्ह म्हणत, तीच. आजोबांच्या रेडिओत त्या होत्या. बटण फिरवलं की आधी तबकडीमागे उजेड यायचा, मागच्या जाळीतून काचेच्या नळ्या हळूहळू नारिंगी होताना दिसायच्या आणि आवाज सगळ्यात शेवटी, लांबून चालत आल्यासारखा यायचा. नळीतली हवा काढून टाकलेली असते. आत कॅथोड तापतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पट्टीकडे धाव घेतात. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी या वाटेत एक बारीक जाळी बसवली. जाळीवरचा विद्युतदाब जरासा जरी हलला, तरी पट्टीकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच चालीनं हलतो. लहानाचं मोठं होतं ते असं. आकाशवाणीवरचं गाणं आमच्या माजघरात पोचायचं ते याच जाळीतून.

लिओ फेंडर हेही मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्यांचं दुकान होतं. त्यांना गिटार वाजवता येत नव्हती. पण वादकांचं ऐकून घेण्याची हातोटी अशी की त्यांचे ॲम्प आजही मापदंड मानले जातात. त्यांना हवा होता स्वच्छ आवाज, ताण पडला तरी न फाटणारा. १९५०च्या दशकात त्यांनी बेस गिटारसाठी केलेला 'बासमन' साध्या गिटारवाल्यांनी उचलला आणि त्याचा आवाज वाढवत वाढवत नेमका तिथे नेला, जिथे तो फाटू लागतो. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या ड्रमशिक्षकाचं वाद्यांचं दुकान होतं. १९६२ मध्ये त्यांच्या माणसांनी याच बासमनचं सर्किट पुढ्यात ठेवून आपला ॲम्प बांधला. ट्रान्सफॉर्मर वेगळा, स्पीकर वेगळे, पहिली ट्यूब अधिक जोरकस. सर्किट जवळपास तेच, आवाज मात्र निराळा झाला, अधिक खरखरीत आणि छातीतून निघाल्यासारखा. एका ख्यालाची बंदिश दुसऱ्या घराण्यात गेली की असंच होतं. इंग्लंडातच, डार्टफर्डला, डिक डेनी यांनी व्हॉक्स एसी-३० घडवला. शॅडोज आणि बीटल्स यांच्या तारांमधली ती लखलखीत किणकिण त्याचीच.

या तिन्ही आवाजांची गोडी एकाच ठिकाणी आहे. ज्या भाराची यंत्राला सवय नाही, तो भार त्याच्यावर टाकला की ते काय करतं, तिथे. ट्रान्झिस्टरला झेपेनासं झालं की तो लहर सपकन छाटतो. ट्यूब आधी नमतं घेते. लहरीचा माथा हळूहळू दबतो, गोल होतो, आणि त्या दबण्यातून मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे सूर जन्माला येतात. ज्या ॲम्पमध्ये वीज सरळ करण्याचं कामही ट्यूबच करते, तिथे आणखी एक गोष्ट घडते. तार जोरात छेडली की आतला विद्युतदाब क्षणभर खाली बसतो आणि मग सावरतो. त्यामुळे सुराचा पहिला आघात मऊ होतो आणि मागून सूर फुलत येतो. गायकाचा दमसास ऐकू यावा, तसा यंत्राचा दम ऐकू येतो. मला या आवाजाचं वेड लागलं ते यामुळे. ज्याला लिओ फेंडर दोष समजत होते, ते त्या यंत्राचं बोलणं होतं.

आणि सा-पा. दोन तारांवर सा आणि वरचा पंचम एकदम छेडा. त्यांच्या कंपनांचं नातं दोनास तीन. नमतं घेणारी ट्यूब या दोघांतला फरकही वाजवू लागते. तीनातून दोन गेले, उरला एक. म्हणजे त्या सा-च्या खालचा सा, खर्जाचा. तो कुठल्याच तारेवर वाजत नसतो, पण पायाखालच्या फरशीला तो कळतो. रॉक संगीत गाजवणारे गिटारवादक बहुतेक वेळा सा आणि पा एवढेच का धरतात, गंधार का वगळतात, त्याचं उत्तर इथे आहे. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार शुद्ध गणितापेक्षा थोडा चढा असतो. तो तिथे आणला की हे न वाजवलेले सूर एकमेकांना घासतात आणि सगळं गढूळ होतं. हे मला कळलं त्या दिवशी मी आत्याला फोन केला होता. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे तिथला खर्ज स्वयंभू का?" इतकं नेमकं मला कुणीच विचारलं नव्हतं.

मग खराखुरा ॲम्पच का घेतला नाही? घेतला असता. एका मित्राच्या तालमीच्या खोलीत मी फेंडर डिलक्स रिव्हर्ब वाजवला आहे. १९६३ ची ती रचना, बारा इंची एकच स्पीकर, दोन ६व्ही६ ट्यूब, बावीस वॅट. बावीस हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण गिटारचा चांगला स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर शंभर डेसिबलच्या आसपास आवाज देतो. वॅट दहापट कमी केले तरी कानाला तो आवाज साधारण निम्माच झालेला वाटतो. म्हणजे दोन वॅटचा ॲम्प आणला तरी सुटका नाही. १९६६ मध्ये जॉन मेयॉल यांच्या वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रण करताना एरिक क्लॅप्टन यांनी मार्शलचा आवाज रंगमंचावर असतो तेवढाच ठेवण्याचा हट्ट धरला, कारण त्याहून कमी आवाजात तो गोडवा येतच नाही. माझ्या घराच्या एका भिंतीपलीकडे शेजारच्या काकांचा बिछाना आहे आणि त्यांची झोप त्यांच्या आजारपणात फार मोलाची झाली आहे. मी रात्री दहानंतर वाजवतो. तेव्हाच मला वेळ असतो. म्हणून पेडल.

माझं पहिलं पेडल फसलं, त्याचं दुःख बरेच दिवस राहिलं. पैसे साठवून घेतलेलं ते पेडल मी थेट घरच्या स्टिरिओला जोडलं. आवाज आला तो काचेच्या बरणीत कोंडलेल्या गांधीलमाश्यांचा. दोन आठवडे मी नॉब फिरवत राहिलो आणि एका रात्री ते कपाटात ठेवून दिलं. कारण नंतर समजलं. गिटारच्या ॲम्पमधला जाड कागदी स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वरचं जवळपास सगळं गिळून टाकतो. ट्यूबच्या फाटण्यात जो कर्कश भाग असतो, तो आपल्यापर्यंत कधी पोचतच नाही. तंबोऱ्याचा भोपळा काढून घेऊन नुसत्या तारा ऐकाव्यात, तसं मी केलं होतं. आता पुष्कळ पेडलांमध्ये स्पीकरची ही छापही असते. खरा स्पीकर, त्याच्यासमोर ठेवलेला मायक्रोफोन आणि ती पेटी एखाद्या आवाजाला कसा प्रतिसाद देते त्याची मोजणी करून ती आत साठवलेली असते. पेडल बघायला जाणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच विचारायला सांगेन की भोपळा आत आहे की बाहेरून आणायचा आहे.

या वाटेवर अनेक जण चालून गेले आहेत. न्यूयॉर्कमध्ये अँड्र्यू बार्टा यांनी १९८९ मध्ये सॅन्सॲम्प आणला, संगणकाशिवाय, निव्वळ सर्किटच्या जोरावर. १९९८ मध्ये लाइन सिक्सचा लाल पॉड आला आणि ॲम्पचं वागणं गणितात मांडण्याची पद्धत रुळली. २०१९ मधलं स्ट्रायमनचं इरिडियम एकाच डबीत तिघांना घेऊन येतं, एक फेंडर, एक व्हॉक्स, एक मार्शल. युनिव्हर्सल ऑडिओनं प्रत्येकाला स्वतंत्र डबी दिली. जुन्या पद्धतीनं, ट्यूबच्या जागी ट्रान्झिस्टर बसवून, एकाच ॲम्पची चाल धरणारी लहान पेडलंही आहेत आणि त्यांतली काही मला फार आवडतात. अशी पेडलं बहुधा खऱ्या ॲम्पच्या आधी लावायची असतात. त्यांना भोपळा बाहेरून लागतो.

नक्कल हा शब्द मला इथे टोचत नाही. गुरूसमोर बसून शिकणारा शिष्य आधी नक्कलच करतो. गुरूची तान घेतो, गुरूचा श्वास घेतो, गुरू सम गाठताना मान जशी झुकवतो तशी मान झुकवतो. जे गुण आहेत ते बहुतेकांना उचलता येतात. कस लागतो तो गुरूच्या ओढाताणीचा, आवाज जिथे पोचत नाही तिथे तो काय करतो, ते उचलण्यात. पेडलही मी त्याच कसोटीवर घासलं.

दुकानात तीन पेडलं समोर मांडली. दुकानातल्या मुलानं सवयीनं गेन, म्हणजे आवाज फाटवणारा नॉब, चढवून सोलो वाजवून दाखवायला सुरुवात केली. तसं वाजवलं की सगळीच पेडलं छान वाजतात. मी हेडफोन मागितले, गेन उतरवला आणि पाचवी तार, मोकळी, नखाऐवजी अंगठ्याच्या मांसानं, अगदी हलकी छेडली. मग थोडी जोरात. मग आणखी. पहिल्या पेडलमध्ये हलकं आणि जोरकस यांच्यामध्ये एक पायरी होती; स्वच्छ आवाज संपायचा आणि फाटका सुरू व्हायचा, मधली जागा मोकळी. मार्शलच्या चालीच्या दुसऱ्यात जोर पुष्कळ होता, पण हळू बोलायला ते तयार नव्हतं. तिसरं डिलक्स रिव्हर्बच्या चालीचं. त्यात सूर स्वच्छ निघाला, जोर वाढवला तसा त्याच्या कडेला किंचित खडबड आली आणि एका आघातावर तो दबला, सावरला, मागून फुलला. गिटारचा आवाज तिच्याच नॉबनं अर्ध्यावर आणला, तर खडबड विरून गेली आणि ट्यूब शांत झाल्यासारखी वाटली. मग सा-पा एकदम. हेडफोनमध्ये फरशी नसते, छातीवर हवा आदळत नाही, ही उणीव कुठलंच पेडल भरून काढत नाही, आणि मला ती रोज जाणवते. पण खालचा सा आला. मी डोळे मिटून चार वेळा तेच वाजवलं. तो मुलगा सोलोची वाट बघत उभा होता.

घरी आणल्यावर पंधरा दिवस मी फक्त गेनच्या नॉबशी होतो. घड्याळाच्या काट्यानं सांगायचं तर दहा आणि साडेदहाच्या मध्ये कुठेतरी ती जागा आहे. दहाच्या अलीकडे सूर बंद असतो, साडेदहाच्या पलीकडे नुसता गोंगाट. मधल्या त्या अरुंद पट्टीत मी नॉब नखानं ढकलायचो, तार छेडायचो, पुन्हा मागे घ्यायचो. एका रात्री समाधान झालं आणि मी तिथे पांढऱ्या चिकटपट्टीची खूण केली.

दिवाळीत आत्या चार दिवस राहायला आली. आता ती ब्याऐंशीची आहे, तंबोरा उचलत नाही. जेवणानंतर म्हणाली, "ते तुझं यंत्र ऐकव की." मी तिच्या कानांवर हेडफोन ठेवले, पांढरे केस त्यांच्याखालून नीट बाहेर काढले आणि सा-पा छेडला. तिनं भुवया उंचावल्या. "पुन्हा." पुन्हा छेडला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, "याची जवारी कुठून लावायची?"

मी तिचं बोट धरून गेनच्या नॉबवर ठेवलं. ते बोट थरथरत होतं, पण नॉबला टेकताच स्थिर झालं. मी तार छेडत राहिलो आणि ती केसभर, केसभर फिरवत राहिली. माझ्या खुणेच्या थोडं मागे, दहाच्या बाजूला, नॉब थांबला. तिनं बोट काढून घेतलं आणि हात मांडीवर ठेवला. तिथे तिची बोटं चार तारांच्या चालीनं हलू लागली.

चिकटपट्टी मी दुसऱ्या दिवशी सरकवून घेतली.